विश्लेषण : गावातल्या इंटरनेटला बाहेर पडायला वाटा किती?

‘भारतनेट’च्या नव्या टप्प्यात सरळ रेषेतल्या केबलऐवजी वर्तुळाकार जाळे येणार आहे. जळगाव-धुळ्याच्या ग्रामपंचायतींसाठी वेगाच्या आकड्यापेक्षा हा बदल मोठा का आहे?

तालुक्याहून गावाकडे येणारी ऑप्टिकल फायबर केबल बहुतेक ठिकाणी रस्त्याच्या कडेने जमिनीखालून येते. रस्ता रुंद करायचा झाला, जलवाहिनी टाकायची झाली किंवा मोरी बांधायची झाली की नेमका त्याच पट्ट्यात जेसीबी उतरतो आणि केबल तुटते. फागणे-तरसोद, तरसोद-चिखली या चौपदरीकरणाच्या टप्प्यांनी जळगावकरांना किती वर्षे धूळ खायला लावली, ते वेगळे सांगायला नको. रस्ते हवेतच. पण रस्त्याकडेच्या त्या एका केबलवर आता बरेच काही टांगलेले आहे.

ग्रामपंचायतीतल्या सेवा केंद्रातले दाखले, सातबारा, पीक विम्याचा अर्ज, रेशन दुकानातल्या यंत्रावर द्यायचा अंगठा, बँक मित्राकडून काढायचे पैसे या साऱ्यांना चालू जोडणी लागते. ‘केबल तुटली तर काय, मोबाइल आहे की!’ असे म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मोबाइलचा टॉवर फोनशी हवेतून बोलतो, पण तो स्वतः पुढे फायबरने किंवा मायक्रोवेव्हच्या तबकडीने जोडलेला असतो. त्याच रस्त्याकडेच्या फायबरवर तो असेल तर केबलबरोबर तोही मुका होतो.

इंटरनेटची चर्चा आपल्याकडे वेगाच्या आकड्यांवर सुरू होते आणि तिथेच संपते. किती एमबीपीएस, फोर-जी की फाइव्ह-जी, एवढेच. जाळ्याचा आकार कसा आहे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. भविष्यातल्या इंटरनेटची रचना करणारे अभियंते मात्र आधी आकारच पाहतात.

धुळ्याची रेल्वे आणि भुसावळचे जंक्शन

हा आकार समजून घ्यायला खान्देशचा रेल्वे नकाशा पुरेसा आहे. भुसावळला मुंबईकडून येणारी मुख्य लाइन दोन फाट्यांत विभागते. एक खांडवा-इटारसीकडे जाते, दुसरी अकोला-नागपूरकडे. शेजारच्या जळगावात सुरतेकडून येणारी तापी खोऱ्यातली लाइन मिळते. एखाद्या मार्गावर मालगाडी घसरली तर काही गाड्या दुसरीकडून वळवता येतात. उशीर होतो, पण वाहतूक पूर्णपणे ठप्प होत नाही.

धुळ्याचे तसे नाही. चाळीसगावहून निघालेला सुमारे ५६ किलोमीटरचा फाटा धुळ्यात येतो आणि संपतो. मधे कुठेही रूळ बंद पडला की धुळ्याची रेल्वे बंद. पाचोरा-जामनेरची ‘पीजे’ही अशीच एका टोकाला संपणारी. तिच्यावर जीव लावणारे आजही आहेत, पण ती फाटाच होती.

आता धुळे तालुक्यातल्या बोरविहीरपासून तापी लाइनवरच्या नरडाण्यापर्यंत नवा मार्ग होतो आहे. हे काम मनमाड-इंदूर रेल्वेच्या जुन्या मागणीशी जोडलेले आहे. त्या ३०९ किलोमीटरच्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४मध्ये १८,०३६ कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी दिली. नरडाण्याचा सांधा जुळला की चाळीसगाव, धुळे, नरडाणा, अमळनेर, जळगाव, पाचोरा आणि पुन्हा चाळीसगाव असे पूर्ण वर्तुळ तयार होईल. आजवर फाट्याच्या टोकाला असलेले धुळे त्या वर्तुळावर येईल.

‘भारतनेट’ला गावागावांत फायबरच्या बाबतीत नेमके हेच करायचे आहे.

मुळात इंटरनेट असे एका दोरीचे नव्हतेच

अमेरिकेतल्या रँड या संस्थेत पॉल बारन नावाच्या अभियंत्याने १९६४मध्ये जाळ्यांचे तीन आकार मांडले. पहिल्यात सगळ्या तारा एकाच केंद्राकडे जातात, दुसऱ्यात काही मोठी केंद्रे आणि त्यांच्या फांद्या असतात, तिसरे मासेमारीच्या जाळीसारखे विणलेले असते. बारन यांनी गणिताने दाखवले, की प्रत्येक केंद्राला तीन-चार जोडण्या असल्या तर बराच भाग उद्ध्वस्त झाला तरी उरलेली केंद्रे एकमेकांशी बोलू शकतात. त्यांच्यासमोर अणुहल्ल्याची भीती होती. (इंटरनेटचा पूर्वज ‘अर्पानेट’ अणुयुद्धासाठीच बांधला, असे सर्रास सांगितले जाते. ते तितकेसे खरे नाही. संशोधन संस्थांना एकमेकांचे महागडे संगणक दुरून वापरता यावेत, हा १९६९च्या त्या जाळ्याचा मुख्य हेतू होता.)

पुढे इंटरनेटचे नियम ठरले. १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेट आज वापरात असलेल्या टीसीपी-आयपी पद्धतीवर आले. त्या रचनेतले एक प्रमुख अभियंते डेव्हिड क्लार्क यांनी १९८८मध्ये एक लेख लिहिला आणि रचना करताना कोणती उद्दिष्टे कोणत्या क्रमाने धरली होती ते सांगितले. वेगवेगळी जाळी एकमेकांना जोडणे हे मूळ काम. त्याखालच्या यादीत पहिला क्रमांक होता, जाळ्याचा काही भाग गेला तरी संवाद चालू राहिला पाहिजे. शेवटचा क्रमांक होता, कोण किती साधने वापरतो याचा हिशेब.

गावापर्यंत पोहोचेतो या यादीतले पहिले उद्दिष्ट गळून पडते. शहरांमधले मोठे मार्ग जाळीसारखे विणलेले आहेत. जिल्ह्याच्या खाली मात्र झाडाची फांदी, फांदीची डहाळी आणि डहाळीच्या टोकाला गाव. याला कारण पैसा. दुसरी वाट खोदायला जवळजवळ पहिलीइतकाच खर्च येतो आणि पहिली चालू असते तोवर दुसरी कोणाच्या डोळ्यांना दिसत नाही.

‘भारतनेट’ने काय केले, आता काय करणार?

राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याला केंद्राने ऑक्टोबर २०११मध्ये मंजुरी दिली. पुढे त्याचे नाव ‘भारतनेट’ झाले. पहिल्या टप्प्यात खर्च वाचवण्यासाठी युक्ती केली गेली. तालुक्यापासून गावाच्या दिशेने बीएसएनएलची जी जुनी केबल आधीच होती ती जिथवर जाते तिथवर वापरायची आणि तिथून ग्रामपंचायतीपर्यंतचा उरलेला तुकडा नवा टाकायचा. तालुक्याच्या एका यंत्रातून निघालेला प्रकाश वाटेत विभागून अनेक ग्रामपंचायतींना द्यायचा. कागदावर हे स्वस्त आणि सुटसुटीत होते. पण नवा तुकडा कितीही चांगला असला तरी त्याची भिस्त जुन्या केबलवर होती आणि ती केबल एका रेषेतली होती. दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राने ‘महानेट’ या नावाने काम स्वतः अंगावर घेतले आणि ते महाआयटीकडे दिले.

४ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने सुधारित भारतनेट कार्यक्रमाला १,३९,५७९ कोटी रुपयांची मंजुरी दिली. देशातल्या २.६४ लाख ग्रामपंचायती वर्तुळाकार रचनेत आणायच्या, उरलेल्या सुमारे ३.८ लाख गावांना मागणीनुसार जोडणी द्यायची, ग्रामपंचायतीत राउटर बसवायचा आणि देखभालीची जबाबदारी १० वर्षांसाठी ठरवून द्यायची, असा त्याचा गाभा आहे.

वर्तुळात काय होते? तालुक्याहून निघालेली केबल पाच-सात-दहा गावे घेत पुन्हा तालुक्याला येते. तिसऱ्या आणि चौथ्या गावाच्या मधे ती तुटली, तर पहिली तीन गावे एका बाजूने बोलतात आणि बाकीची दुसऱ्या बाजूने. राउटरला तुटल्याचे कळते आणि तो माहिती आपोआप उलट दिशेने वळवतो. गावकऱ्याला बहुधा कळतही नाही. केबल एकाच वेळी दोन ठिकाणी तुटली तर मात्र त्या दोन तुटींमधली गावे अडकतात. म्हणून पहिली तूट ‘नेट चालू आहे ना’ म्हणून पडू देणे हा वर्तुळाचा सर्वांत मोठा शत्रू. दुरुस्तीचा करार आणि त्यातला दंड यांचे मोल इथे कळते.

वर्तुळ, पण कागदावरचे?

खरी गोम पुढेच आहे. आराखड्यात वर्तुळ दिसते म्हणून जमिनीवर ते असेलच असे नाही. जाणारी आणि येणारी केबल एकाच चरातून नेली तर नकाशावर दोन रेषा उमटतात, पण जेसीबीचा एकच फटका दोन्ही तोडतो. जगभरात दूरसंचार कंपन्यांना हा फटका बसलेला आहे. दोन वेगळ्या कंपन्यांकडून दोन जोडण्या घ्याव्यात आणि नंतर कळावे की दोघांचे फायबर एकाच नळीतून जाते.

खान्देशात याला भूगोलाची जोड आहे. चोपडा, यावल, रावेर आणि शिरपूर हे तालुके तापीच्या उत्तरेला आहेत. नदी ओलांडायला पूल मोजकेच. त्यातल्या एकाच पुलाच्या कठड्याला दोन्ही केबल बांधल्या असतील तर पुरात किंवा पुलाच्या दुरुस्तीत वर्तुळाचा काही उपयोग नाही. उत्तरेला सातपुडा आहे. बोराडी, पळासनेर किंवा रावेर तालुक्यातल्या पालसारख्या गावांना दुसरी वाट द्यायची तर ती जंगलातून आणि चढावरून न्यावी लागेल. वन विभागाची परवानगी आणि खर्च दोन्ही आले.

गंमत अशी, की नकाशावर यातल्या काहींना सोपी दुसरी वाट दिसते. शिरपूरच्या पुढे आग्रा रोडवर सेंधवा आहे, रावेरच्या पुढे बऱ्हाणपूर. पण ती गावे मध्य प्रदेशात येतात आणि आपल्याकडे जाळ्याचे आराखडे तालुका, जिल्हा, राज्य अशा चौकटीत आखले जातात. रावेरची केळी राज्याच्या सीमेला न जुमानता उत्तर भारतात जातात. प्रकाशाच्या तारेला तीच सीमा अडवावी, हे काही शहाणपणाचे नाही. राज्याच्या सीमेवरच्या तालुक्यांसाठी पलीकडच्या राज्यातल्या तालुक्याशी जोडणी करण्याची सोय नव्या टप्प्यात हवी. साक्रीसारख्या लांबरुंद तालुक्यात तर वर्तुळाचे एक टोक साक्रीला आणि दुसरे पिंपळनेरला नेले तरी मोठा फरक पडेल. एका ठिकाणची वीज गेली, यंत्र जळाले, तरी दुसरे टोक जिवंत राहील.

विजेचा विषय निघालाच आहे. राउटर, बॅटरी आणि इन्व्हर्टर ग्रामपंचायतीच्या ज्या खोलीत ठेवतात ती संध्याकाळी कुलूपबंद असते आणि वीजबिल थकले की जोडणीही तुटते. वर्तुळ कितीही चांगले असो, मधल्या तीन ग्रामपंचायतींच्या बॅटऱ्या बसल्या असतील तर ते तिथेच तुटते.

मुंबईच्या वर काय?

जिल्ह्याच्या वरचे चित्रही पाहायला हवे. धुळे आणि जळगाव यांच्यात सुमारे ९० किलोमीटरचे अंतर आहे. पण दोन्हीकडच्या ग्राहकांच्या कंपन्या वेगवेगळ्या असल्या, तर धुळ्याहून जळगावला पाठवलेला फोटो बहुधा मुंबईपर्यंत जाऊन परत येतो. कारण कंपन्या एकमेकांना माहिती देतात-घेतात ती ठिकाणे, म्हणजे इंटरनेट एक्स्चेंज, प्रामुख्याने मोठ्या शहरांत आहेत. देशातली माहिती परदेशात जाऊन परत येऊ नये म्हणून २००३मध्ये ‘निक्सी’ ही संस्था स्थापन झाली. आता तोच विचार एक पायरी खाली आणायची वेळ आली आहे.

यात वेळ फार वाया जातो, असे मात्र कोणी सांगू नये. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो. मुंबईची ७००-८०० किलोमीटरची फेरी म्हणजे चार मिलिसेकंद. डोळ्याची पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. तोटा आहे तो परावलंबनाचा. मुंबईकडचा मार्ग बिघडला की जळगावातल्या दवाखान्याला धुळ्यातल्या प्रयोगशाळेचा अहवालही मिळत नाही.

मुंबईच्या पुढे समुद्र आहे. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या आणि भारताच्या पश्चिमेकडच्या इंटरनेटला मोठा फटका बसला. २०२४ आणि २०२५मध्ये तांबड्या समुद्रात पुन्हा तोच अनुभव आला. त्या वेळी भारत पूर्ण अंधारात गेला नाही, कारण पूर्वेकडून दुसऱ्या वाटा होत्या. देशाला जे लागू पडते ते साक्री आणि यावललाही पडते.

पत्त्यांचा प्रश्न त्या मानाने सुटत आला आहे. जुन्या पद्धतीत, म्हणजे आयपीव्ही-४मध्ये जेमतेम ४२९ कोटी पत्ते होते. जागतिक साठ्यातली शेवटची खोकी फेब्रुवारी २०११मध्ये वाटली गेली. म्हणून कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच पत्त्यामागे बसवतात आणि शेतातल्या कॅमेऱ्याला बाहेरून थेट हाक मारता येत नाही. नव्या आयपीव्ही-६ पद्धतीत पत्त्यांची टंचाई नाही आणि तिच्या वापरात भारत जगात आघाडीवर आहे. २०१६नंतर आलेल्या स्वस्त फोर-जी सेवेचा त्यात मोठा वाटा.

उद्याचे इंटरनेट : ‘कुठे आहे’ऐवजी ‘काय हवे’

प्रयोगशाळांतले संशोधन याहून पुढे गेले आहे. इंटरनेट बांधले तेव्हा ते टेलिफोनसारखे होते. या संगणकाने त्या संगणकाला फोन लावायचा. आज लोकांना संगणकाशी देणेघेणे नसते, त्यांना मजकूर हवा असतो. एका गावातल्या दोनशे जणांनी कालच्या सामन्याची तीच चित्रफीत पाहिली, तर ती दोनशे वेळा बाहेरून आणणे म्हणजे एकाच वाड्यातल्या प्रत्येकाने पाण्यासाठी वेगळा टँकर बोलावण्यासारखे आहे. व्हॅन जेकबसन यांनी २००६च्या सुमारास हा मुद्दा लावून धरला. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने २०१०मध्ये भविष्यातल्या इंटरनेट रचनेसाठी प्रकल्प निवडले, त्यांतला ‘नेम्ड डेटा नेटवर्किंग’ याच विचारावरचा. पत्त्याऐवजी मजकुराचे नाव मागायचे आणि जो कोणी जवळ असेल त्याने तो द्यायचा. मजकुरावर मूळ कर्त्याची डिजिटल सही असते, त्यामुळे तो कोणाकडून आला याने फरक पडत नाही.

हे इंटरनेट जसेच्या तसे उद्या गावात येणार नाही. पण त्यातला अर्क आजही वापरता येतो. तालुक्याच्या ठिकाणी साठवणीचा सर्व्हर ठेवला तर शाळेचे व्हिडिओ, शासन निर्णय, हवामानाचे नकाशे बाहेरची वाट बंद असतानाही मिळतील.

दुसरा विचार ‘उशीर सोसणाऱ्या’ जाळ्यांचा. वाट बंद असेल तर माहिती टाकून न देता जपून ठेवायची आणि वाट उघडली की पुढे पाठवायची. अंतराळयानांसाठी वाढलेल्या या कल्पनेचा अवतार भारतात दोन दशकांपूर्वीच येऊन गेला. ‘डाकनेट’ या प्रयोगात कर्नाटक आणि ओडिशातल्या काही गावांत वाहनांवर वाय-फाय यंत्र बसवले होते. गाडी गावातून गेली की अर्ज आणि ई-मेल उचलून नेई. एसटीच्या टपावरून पार्सल आणि वर्तमानपत्रांचे गठ्ठे आलेले पाहणाऱ्या खान्देशाला यात नवल वाटू नये.

प्रश्न सरकारी अॅप बांधणाऱ्यांना विचारायला हवा. देशातले पहिले ‘आधार’ २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिले गेले. खान्देशातच सुरू झालेल्या या व्यवस्थेत अंगठ्याची खातरजमा क्षणोक्षणी दूरच्या सर्व्हरकडे जाऊन होते. नेटवर्क नाही म्हणून धान्य नाकारू नये, असे केंद्राच्या सूचना सांगतात. सातपुड्याच्या पायथ्याशी मात्र सूचनेपेक्षा यंत्राच्या पडद्यावरचा लाल संदेश मोठा ठरतो. नेट नसताना नोंद घेऊन नंतर पाठवणे अशक्य नाही. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२२मध्ये छोट्या रकमांच्या ऑफलाइन व्यवहारांची चौकट जाहीर केली. सुरुवातीला मर्यादा एका वेळी २०० आणि एकूण २,००० रुपयांची होती. पैशाला थोडा उशीर चालतो, मग पाच किलो धान्याच्या नोंदीला का चालू नये?

उपग्रहाच्या इंटरनेटकडेही दुसरी वाट म्हणूनच पाहावे. राज्य सरकारने नोव्हेंबर २०२५मध्ये स्टारलिंकशी इरादापत्र केले, त्यात नंदुरबारचा समावेश आहे. डोंगरातल्या पाड्यांना त्याचा उपयोग होईल. पण ‘उपग्रह आला, आता फायबर कशाला’ असे कोणी म्हणू लागले तर ते एका फाट्याऐवजी दुसरा फाटा देण्यासारखे आहे.

ग्रामसभेने काय मागावे?

खोदकामाने केबल तुटून देशाचे वर्षाला सुमारे ३,००० कोटींचे नुकसान होते, असे केंद्र सरकारच सांगते. त्यासाठी मार्च २०२३मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अॅप आले. खोदणाऱ्याने आधी तिथे नोंद करायची आणि केबलच्या मालकाला कळवायचे. ग्रामपंचायतीच्या हद्दीत रस्ता, गटार, जलवाहिनी यांचे काम देताना ही नोंद झाली का, हे पाहायला ग्रामसेवकाला कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही. कार्यारंभ आदेशातली एक ओळ पुरते.

दुसरी मागणी नकाशाची. आपले गाव कोणत्या वर्तुळात आहे, त्याची दोन टोके कुठे जातात, दोन्ही वाटा किती ठिकाणी एका चरातून किंवा एका पुलावरून जातात, हे ग्रामपंचायतीला लेखी मिळायला हवे. केबल पुरून झाल्यावर हे विचारून उपयोग नाही, कारण मग दुसरा चर कोणी खोदत नाही. चोपडा, यावल, रावेर आणि शिरपूरने तर पहिला प्रश्न हाच विचारावा : आमची दुसरी केबल तापीच्या कोणत्या पुलावरून येणार?